गोवराची टोपली

एकोणसाठ साली जव्हारच्या एसटी थांब्यावर मी मोखाड्याच्या गाडीसाठी रांगेत होतो. पुढच्या म्हाताऱ्यानं तंबाखू मळायला म्हणून हातातली झाकलेली टोपली माझ्याकडं दिली आणि पुतण्याशी बोलत राहिला.

“मंगळू, तीन पाड्यांची एक पंचायत करताना तू हात वर केलास ना?”

“केला, काका. साहेब म्हणाले, विहीर मिळंल.”

“मग गोवराची टोपली कुठं टाकायची, ते नाय इचारलंस?”

“ध्यानात नाय आलं.”

“साथ आली का आपण गोवर टोपलीत घालून पळसपाड्याच्या शिवेत नेऊन ठेवायचो. ते उंबरपाड्याकडं सारायचे. कुणाची तक्रार नव्हती.”

“उंबरपाड्याची होती.”

“आता तिन्ही पाडे एकच गाव. पळसपाड्यात ठेवली तरी गोवर आपल्याच गावात.”

“वरच्या अंगाला ठेवू.”

“तिथं जंगलखातं. त्यांचा शिपाई टोपली परत आणून देतो.”

“मग खाली?”

“खाली तुझी सासुरवाडी.”

“तिथं चालंल.”

“बायको धाकट्या पोरीला घेऊन तिथंच गेलीय ना तुझी?”

“…मोखाडाच बरा.”

“थोरलीचा ताप कसा हाय?”

“टोपली घराबाहेर काढली, तसा जरा उतरला.”

“पुरता उतरंल. फकस्त परत फिरताना टोपलीकडं वळून बघायचं नाय.”

गाडी आली. मी टोपली पुढं केली.

“भाऊ, तुम्ही मोखाड्याचेच का?”

“हो.”

“मग राहू दे तुमच्याकडंच. चल मंगळू, घरी.”

दोघंही वळून न बघता गेले.