भैरोबापुढं हात जोडणारी मैना

मंडळी, सावरून बसा! आज पहिला प्रश्न मीच विचारणार. देवापुढं दोन हात जोडले, की झाला नमस्कार? होय का नाही? ते खांबाला टेकलेले आजोबा मान हलवतायत. आजोबा, होकार आहे का डुलकी? असू द्या, असू द्या!

तर ऐका. डोंगराच्या पायथ्याला एक गाव, गावात भैरोबाचं देऊळ. चैत्रात जत्रा. आणि जत्रेत लोक बघायला काय यायचे? हसनभाई दरवेशाचं अस्वल! मैना तिचं नाव. पालखी दारात आली की पहिला मान मैनेचा. हसनभाईनं नाकातली दोरी वर उचलली की ती मागच्या पायांवर उभी राहायची आणि पुढचे दोन्ही पंजे तोंडाशी न्यायची. हात जोडून! देवाकडं तोंड, लोकांकडं पाठ. मागनं सगळी जत्रा ओरडायची, ‘भैरोबाच्या नावानं चांगभलं!’ बाया पोरांना म्हणायच्या, ‘बघ मेल्या, मुकं जनावर हात जोडतंय, आणि तू?’

एका वर्षी गुरव तापानं फणफणला. मग पूजेला कोण? त्याची बायको, हौसाबाई. चाळीस वर्षं जत्रा बघितलेली बाई, पण गर्दीतनं! त्या दिवशी पहिल्यांदा गाभाऱ्यात, देवाच्या शेजारी उभी राहिली. हातात आरतीचं ताट, समोर मैना.

आणि मंडळी, देवाला दरसाल जे दिसत होतं, ते हौसाबाईला दिसलं!

नमस्कार कुठला हो! नाकाला भोक, भोकात दोरी, जखम चिघळलेली, वर माश्या. दोरीला हिसका बसला की कळ मस्तकात जायची. ती सोसवेना म्हणून ते जनावर दोन्ही पंजांनी दोरी धरत होतं — सैल करायला! डोळ्यांतनं पाणी. आणि मागनं काय? चांगभलं!

हौसाबाईनं ताट खाली ठेवलं. ‘आरती व्हायची न्हाई,’ म्हणाली.

गावचे पाटील बापू ढमाले पुढं आले. ‘हौसावहिनी, याड लागलं का काय? आज्या-पणज्यापासनं चालत आल्याला मान हाय. मोडला तर देव कोपंल!’

‘कोपू द्या.’

‘तुमच्या घराकडची पूजा काढून घेऊ! नवरा अंथरुणात. खाणार काय?’

धमकी पोकळ नव्हती. देवाच्या नैवेद्यावर तर घर चाललेलं. तरी बाई बोलली. ‘घ्या काढून, बापू. पर आधी आत या. हितं, माझ्या जागी उभं ऱ्हावा. हसनभाई, उचल दोरी.’

बापू तावातावानं आत गेले. हसनभाईनं दोरी उचलली, मैनेनं पंजे तोंडाशी नेले... आणि बापूंचं तोंडच पडलं. ‘सोड,’ म्हणाले. ‘अरं हसन, सोड ती दोरी!’

हसनभाईनं दोरी खाली टाकली. ‘मुठीएवढी होती तवापासनं माझ्यातली अर्धी भाकरी खाते ती, बापू. मला कळत न्हाई व्हय? पर ही उभी राहिली न्हाई, तर माझी चूल पेटत न्हाई.’ आता सांगा मंडळी, वाईट कुणाला म्हणायचं?

हौसाबाई म्हणाली, ‘देवाच्या विहिरीवर पाणी वढायला माणूस लागतोय. नैवेद्यातलं ताट तुझ्या घरी यील.’ बापू नुसते ‘बरं’ म्हणाले.

गावानं निरोप धाडला, आणि चार दिवसांनी वनखात्याची माणसं आली, बरोबर जनावरांचा डॉक्टर. मैनेला गुंगीचं औषध दिलं, दोरी कापली, जखम धुतली, तिला पिंजऱ्यात ठेवलं. अशा अस्वलांना सांभाळतात तिथं न्यायची होती. मैना शुद्धीवर आली, आणि पहिलं काय केलं तिनं? दोन्ही पंजे नाकाशी नेले. चाचपलं. दोरी नव्हती. परत चाचपलं! हसनभाई पिंजऱ्याचे गज धरून पोरासारखा रडला.

डोळे पुसताय? पुसा. पण अस्वलासाठी रडायला आपलं काय जातं? आपल्या घरात कोण आहे असं, उठता-बसता ‘बरं, बरं’ म्हणणारं? सून? गडी? म्हातारी आई? ‘किती गुणाची, तोंड वर करून बोलत नाही,’ असं कौतुकानं सांगता ना चारचौघांत? कधी तिच्या तोंडाकडं बघितलंय का, का मागनंच चांगभलं?

घरी गेल्यावर बघू, म्हणू नका. पलीकडं बायकांत बसलीय ना ती? वळवा मान. आत्ता! भजन थोडं थांबेल. देव रागवायचा नाही.