सत्तारमामूंची राहिलेली टेस्टिंग

मंडळी, बसून घ्या. मागं उन्हात उभे आहेत त्यांनी पुढं या, ट्रकच्या सावलीत अजून जागा आहे. शबाना, तू मामूंची लेक, इथं समोर बस. मोबाईल चालू आहे ना? मामी नांदेडला घरी आहेत, त्यांची इद्दत चालू आहे, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं, म्हणून त्या फोनवरून ऐकून राहिल्या. मामी, आवाज येतोय ना? येतोय म्हणतात. बरं.

मला भाषण येत नाही. गॅरेजवाला माणूस मी. कंप्रेसर, ग्राइंडर, हातोडी, या सगळ्याच्या वर आवाज काढून बोलायची सवय. आज सगळं बंद ठेवलंय आणि हळू बोलायचंय, तर ते जमत नाही. सकाळपासून तीनदा चहा पिलो. काही फरक नाही.

आपले सत्तारमामू गेले. मागच्या आठवड्यात, नांदेडच्या दवाखान्यात. आज त्यांच्यासाठी आपण या गॅरेजच्या अंगणात जमलो. कोणी म्हणालं, हॉल घेऊ. मी म्हटलं, नको. मामू लातूरला यायचे ते इथंच यायचे. आठवड्याचे चार दिवस या शेडमध्ये, तीन दिवस घरी. त्यांना निरोप द्यायचा तर इथूनच.

काही जणांना वाटत असेल, मामू इथं करायचे काय? सांगतो. फौजेच्या जुन्या गाड्या लिलावात निघतात. जिपा, ट्रक. आमच्यासारखे लोक त्या घेतात आणि पुन्हा होत्या तशा करतात. इंजिन मी बघतो. पत्रा आणि रंग माझा मोठा भाऊ बघतो, आप्पा. आणि रेडिओ, इंटरकॉम, म्हणजे गाडीतल्या गाडीत एकमेकांशी बोलायची मशीन, ते सगळं मामूंचं. ड्रायव्हरच्या कानाला हेडफोन, मागं बसलेल्याच्या कानाला हेडफोन, मधे एक डबा आणि वायरी. इंजिन कितीही बोंबलू दे, दोघांना एकमेकांचं शांत ऐकू आलं पाहिजे. एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामाला मामू पंधरा पंधरा दिवस लावायचे आणि मी डोक्याला हात लावून बसायचो.

नांदेडला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी रेडिओ दुरुस्त करणं सोडलं आणि दुकान बसलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मामू दुकानात एकटे, एका बंद सेटचं झाकण उघडून फडक्यानं आतली धूळ पुसत होते. गिऱ्हाईक कोणाचं, विचारलं. म्हणाले, "किसी का नहीं. बैठ्या बैठ्या क्या करूं?" मी म्हटलं, मामू, फौजेच्या जिपेत सेट बसवायचाय. माणूस उठला, चष्मा बदलला, आणि दुकानाला कुलूप लावून माझ्या मागं निघाला. मामींना सांगायचं राहूनच गेलं. हाव ना मामी? रात्री तुमचा फोन मलाच आला होता. ज्या शिव्या खाल्ल्या त्या अजून लक्षात आहेत.

हसा, हसा. मामूंच्या सभेत हसू आलं तर दाबू नका.

मुरुडवाले आलेत ना? हां. मग तुमच्या लग्नाचं सांगितलंच पाहिजे. नवरदेवाला वरातीला जीप पाहिजे होती आणि बाहेर भोंगा पण पाहिजे होता. मामू नको म्हणून राहिले होते. तरी नवरदेवाच्या हट्टापायी भोंगा जोडलाच. नवरदेवाचं कोपर माईकच्या बटणावर पडलं ते उचललंच नाही. सगळ्या मुरुडनं ऐकलं, नवरदेव मामाला म्हणून राहिला, "मामा, सकाळपासून पोटात काही न्हाई, लाडू तरी आना ना कुठून." भर चौकात पाच घरांतून लाडू आले. मामू म्हणाले, "देख्या? मैं बोल्या था ना, अंदर की बात अंदरच रहना."

हा त्यांचा नियम होता. बाहेर बोलणारा रेडिओ ते कधी चालू करून द्यायचे नाहीत. त्याला परवाना लागतो. सेट दिसायला ठेवायचे, दिवा लागायचा, बस. पण आतला इंटरकॉम मात्र शंभर टक्के चालला पाहिजे. एका गिऱ्हाइकानं सांगितलं, नुसता डबा लावा, आत कोण बघतंय? मामू दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चालणारा इंटरकॉम बसवून दिला आणि वर म्हणाले, "बाहर बोलने कू सरकार का परवाना लगता. घर के अंदर बोलने कू कायकू रुकना?"

हे ते त्या गिऱ्हाइकाला म्हणाले. बघत माझ्याकडं होते.

आता जे सगळ्या गल्लीला माहीत आहे आणि कोणी तोंडावर बोलत नाही, ते मीच बोलतो. आप्पा तिकडं कडुलिंबाखाली बसलाय. मी इथं उभा आहे. मागची नाही, तिच्या मागची दिवाळी, तेव्हापासून आम्ही दोघं सख्खे भाऊ एका शेडमध्ये काम करतो, एका डब्यातली भाकरी खातो आणि एकमेकांशी बोलत नाही.

कशावरून? ऐका. सुभेदार साहेब बसलेत ना पुढं, देगलूरचे, त्यांची जीप होती. इंटरकॉमची एक गंमत असते. वायर एका बाजूनं जाते आणि परत यायचा रस्ता गाडीच्या पत्र्यातून असतो. म्हणून जिथं बोल्ट कसायचा तिथला रंग घासून पत्रा उघडा ठेवावा लागतो. तिथं रंग आला की रस्ता बंद. मामूंनी सगळ्या जागा घासून ठेवल्या आणि मला म्हणाले, आप्पाला सांग, इथं रंग मारू नको. मी सांगितलं. साहेब गाडी न्यायला आले, जुने जोडीदार घेऊन आले, हेडफोन चढवला, बटण दाबलं. नुसती घूंऽऽ. साहेब तिकडून ओरडून राहिले, जोडीदार इकडून ओरडून राहिले, इंटरकॉम मेलेला. मामूंनी बोल्ट खोलला. खाली नवाकोरा हिरवा रंग, चकाचक.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आप्पा, तुला सांगितलं व्हतं ना?" आप्पा म्हणाला, "कवा सांगितलं?" मी म्हटलं, "बुधवारी." तो म्हणाला, "खोटं नको बोलू." मग काय, रंगावरून सुरू झालं ते शेतापर्यंत गेलं, लग्नातल्या मानपानापर्यंत गेलं, वडलांच्या आजारपणापर्यंत गेलं. सुभेदार साहेबांनी हेडफोन काढून ठेवला आणि लांब जाऊन उभे राहिले. आठवतंय साहेब? त्या दिवशी जे तोंड बंद झालं ते झालं.

आणि तेव्हापासून आमच्या दोघांमधली वायर म्हणजे मामू.

आप्पा पत्र्याच्या त्या बाजूनं म्हणायचा, "त्या गाढवाला सांगा, गिअरबॉक्स उतरव म्हनावं, माझं काम अडलंय." मी ऐकायचोच, दहा फुटांवर तर असायचो. मामू उठायचे, चष्मा सावरायचे, चालत माझ्याकडं यायचे आणि म्हणायचे, "चंदू बेटा, आप्पा पूछ रहा, तबियत कैसी है. और फुरसत मिली तो गिअरबॉक्स देख ले." मी म्हणायचो, "त्याला सांगा, माझे काय चार हात हायत काय?" मामू परत चालत जायचे. "आप्पा, चंदू हौ बोल्या."

इंजिनाची किरकिर हेडफोनात येऊ नये म्हणून मामू प्लगवर एक छोटी वस्तू बसवायचे. बोलणं पलीकडं जातं, किरकिर अलीकडंच राहते. आमच्या दोघांच्या मधे ते स्वतःच बसले होते. एवढे महिने. कधी कंटाळले नाहीत. कधी म्हणाले नाहीत, की बाबांनो, गुडघे दुखतात माझे.

एकदा मी चिडून म्हटलं, "मामू, तुम्ही तरी खरं सांगा. मी आप्पाला बोललो व्हतो का न्हाई? तुमच्यासमोर बोललो व्हतो." मामू सोल्डरिंग करत होते. मान वर न करता म्हणाले, "हौ, तू बोल्या. कंप्रेसर चालू था. आप्पा के नाक पे फडका, हात में स्प्रे गन. तू दरवाजे में से बोल्या और चले गया. उसने सुन्या क्या, ये पूछ्या क्या?"

मी हातातला पान्हा पुसत राहिलो.

मग म्हणाले, "फौजी लोगां कैसे बोलते? एक बोलता, फिर पूछता, सुन्या क्या. दूसरा बोलता, सुन्या. तब बात पूरी. नहीं तो आधी."

म्हणजे मंडळी, मी सांगितलं होतं हे खरं. आप्पानं ऐकलं नाही हेही खरं. दोघं खरं बोलून राहिलो आणि दोघं फुगून बसलो. आता तुम्ही म्हणाल, मग तेव्हाच का नाही गेला भावाकडं? नाही गेलो. मला वाटलं, तो येईल. त्याला वाटलं असेल, मी येईन. आणि मामू होते ना मधे. काम चालून राहिलं होतं. कशाला घाई?

मामू असतीलच, असं धरून चाललो होतो.

हा जो ट्रक आहे, ज्याच्या सावलीत तुम्ही बसलात, हा पण सुभेदार साहेबांचाच. गावाकडची पोरं भरतीची तयारी करतात, त्यांना दाखवायला पाहिजे म्हणाले. तेवढं होऊनही साहेब पुन्हा आमच्याकडंच आले, ते मामूंसाठी. याच्या वायरी मामूंनी टाकल्या. डबा बसवला. पुढं एक हेडफोन, मागं एक हेडफोन. आणि या वेळेला घासलेल्या प्रत्येक जागेवर त्यांनी स्वतःच्या हातानं कागद चिकटवला. आप्पानं त्या कागदाच्या कडेकडेनं रंग मारलाय. जाऊन बघा. एक थेंब आत गेलेला नाही.

सगळं झालं. फक्त टेस्टिंग राहिली, आणि मामूंच्या छातीत दुखायला लागलं.

दवाखान्यात मी सकाळी जायचो, आप्पा दुपारी. वेळ ठरवून नाही, पण एकमेकांना चुकवूनच. शेवटच्या दिवशी मामूंचा आवाज पार खोल गेला होता. मी खाली वाकलो. म्हणाले, "चंदू, टेस्टिंग बाकी है. तू आगे बैठ. आप्पा पीछे." मी म्हटलं, "मामू, तुम्ही बरे व्हा. तुम्ही बसा ना मागं, नेहमीसारखं." तर हसले. म्हणाले, "मेरेकू कितने दिन बीच में बिठाते रे?"

संध्याकाळी शबानाचा फोन आला.

इंटरकॉम एकट्याला तपासता येत नाही, मंडळी. माईक माझ्या हातात, पण आवाज पोचला का, ते पलीकडचाच सांगू शकतो. ट्रक आठवडाभर असाच उभा आहे. रोज सकाळी मी पुढचा दरवाजा उघडतो आणि बंद करतो. आप्पा मागची ताडपत्री वर करतो आणि सोडतो. बायका बघून राहिल्यात दोन्ही घरच्या. काल या खुर्च्या सांगायच्या होत्या, तर आप्पानं सुभेदार साहेबांना फोन केला, साहेबांनी देगलूरहून मला केला. साहेब म्हणाले, "चंदू, मी सीमेवर ड्युटी केली, ही ड्युटी माझ्याच्यानं होणार नाही. मामूंची जागा मला देऊ नका."

बरोबर आहे साहेब. ती जागा कोणालाच देता येणार नाही. म्हणून ती आता मधे ठेवायची नाही.

मला मामूंची लई आठवण येते. बशीतला चहा फुंकायचा आवाज येतो. काल पान्हा शोधताना तोंडातून निघालं, "मामू, आप्पाला विचारा," आणि शेडमध्ये उभा राहून रडलो. खोटं कशाला बोलू? माझे वडील गेले तेव्हा आप्पा होता सोबत. आता मामू गेले तर मी एकटाच रडून राहिलो आणि पत्र्याच्या पलीकडं तोही एकटाच. हे मामूंना बघवलं नसतं.

शबाना, बाई, तुझे अब्बा आमच्या घरचे होते. रक्षाबंधनाला तू येते तशीच येत जा. मामी, तुम्ही त्या दिवशी दिलेल्या शिव्या मला कबूल आहेत. महिन्यातून एकदा आम्ही येऊ, तेव्हा अजून द्या.

आता शेवटचं. मामू टेस्टिंगच्या आधी काय करायचे, इथल्या कामगारांना माहीत आहे. इंजिन बंद. कंप्रेसर बंद. कोणी बोलायचं नाही. हेडफोन कानाला लावून ते डोळे मिटायचे. लाईन चांगली असली की कोणी बोलत नसतानाही कानात बारीक सूंऽऽ असा आवाज असतो. तो ऐकू आला की हात वर करायचे. म्हणायचे, "लाईन जिंदा है. अब बोलो."

तशी शांतता आज आपण मामूंसाठी पाळायची आहे. पण त्याआधी मला एक काम करू द्या.

आप्पा.

ए आप्पा. तुलाच बोलून राहिलो. इकडं बघ. सभा संपली की तू ट्रकमध्ये मागं बस. मी पुढं बसतो. मामूंची टेस्टिंग करू. आज कंप्रेसर बंद हाय आणि तुझ्या नाकाला फडका पन न्हाई.

मी सांगितलं. ऐकू आलं का?

मान नको हलवू, आप्पा. मामूंना मान हलवलेली चालायची न्हाई. तोंडानं सांग.

आलं म्हणतोय. मामी, फोनवर पोचलं का? शबाना, सांग तुझ्या आईला. आप्पा म्हणाला, ऐकू आलं.

चला मंडळी, आता उभे राहा. चपलांचा आवाज करू नका. सत्तारमामूंसाठी, डोळे मिटून, कान देऊन.