बादली बाहेर नसली तर

दौलत : साहेब, शपथेवर सांगतो, त्या माशानं तोंड उघडलं.

विनीत : काका, मी बकुळाबाईंच्या कचऱ्याच्या ड्रमबद्दल बोलतोय.

दौलत : मीपण ड्रमवरच येतोय, पण मासा वाटेत आहे ना! गेल्या शिमग्याची गोष्ट. ही बकुळा गावाला गेलेली. अख्ख्या कुशाबाच्या चाळीचा कचरा उचलणारी ती एकटी, त्यामुळे कचरा जागच्या जागी. शेजारच्या तांडेलांनी घोळ मासळी आणलेली. तिचं डोकं, हे एवढं, वासराएवढं, गॅलरीत पडून. एका सकाळी मी दात घासत उभा, तर डोकं म्हणतं, 'अजून गाडी येवक नाय काय?'

विनीत : मासा बोलला.

दौलत : मालवणीत. बकुळे, सांग गे साहेबांना.

बकुळा : बोलला ना.

विनीत : बाई, तुम्ही तर गावाला होतात.

बकुळा : मी परत आले तरी बोलतच होता. आवाज जरा थकलेला होता, एवढंच.

विनीत : बरं. मासा झाला, तुमचा चहाही झाला. आता माझं ऐकून घ्या. उद्यापासून या वॉर्डात कचऱ्याला पालिकेचा एकच ठेकेदार. त्याची गाडी सकाळी गेटवर येईल. रहिवाशांनी ओला-सुका वेगळा करून स्वतः खाली आणून द्यायचा. खासगी माणूस लावायचा नाही. खासगी ड्रम, गोणी, हातगाडी दिसली की जप्त. त्यामुळे अंगणातला ड्रम मला आज न्यावा लागेल. खाली टेम्पो उभा आहे.

दौलत : साहेब, केस कापायला न्हावी मी निवडतो. दाढ काढायला डॉक्टर मी निवडतो. अहो, नगरसेवकसुद्धा तुम्ही मलाच निवडायला लावता. आणि माझ्या चहाचा चोथा कोणी न्यायचा, ते मात्र तुमचं ऑफिस ठरवणार?

विनीत : हो, कारण तो चोथा तुमच्या दारातून निघाला की सगळ्यांचा होतो. मागच्या गल्लीतल्या लोकांनीही माणूस स्वतःच निवडलाय. तो सगळं पुलाखाली ओततो आणि शिव्या मी खातो.

दौलत : मग धरा त्याला!

विनीत : धरला होता. दंड भरला आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच ओतला. एकेकाला किती धरत बसू? म्हणून सगळ्यांना एकच नियम.

बकुळा : म्हणजे ओततो तो, आणि ड्रम जाणार माझा.

विनीत : बाई, मलाही वाईट वाटतं.

बकुळा : मग वाईट वाटून घ्या आणि ड्रम ठेवा.

विनीत : तुम्ही ठेकेदाराकडे नाव का नाही देत? त्याला माणसं हवी आहेत.

बकुळा : दिलं होतं. म्हणाला, गाडीच्या मागे लटकून जाता येईल का, मावशी? आता ह्या वयात मी काय लटकू? जिना चढते, गोणी उतरवते, ते कोणी विचारलंच नाही.

दौलत : थांबा, थांबा. साहेब, नियम कचऱ्याला ना? मग उद्यापासून मी कचरा देतच नाही. बकुळेला भेट देतो.

विनीत : भेट? काय भेट?

दौलत : कोलंबीची सालं. आवडीची वस्तू आहे तिच्या. भाच्याच्या लग्नात भांडं देतो, तसं. आता भेटीवरपण तुमचा ठेकेदार बसवणार काय?

बकुळा : मी नाही म्हणत नाही कोणाला.

विनीत : काका, तुम्ही मस्करी करताय आणि खाली माझी माणसं उन्हात उभी आहेत. वरून रोज विचारणा होते, किती ड्रम उचलले म्हणून. तुम्हाला सूट दिली तर समोरची चाळ दारात उभी राहील. तिला दिली की ती मागची गल्ली. मी कोणाकोणाला सांगत फिरू की बकुळाबाई चांगल्या आहेत?

दौलत : मला सांगा, तिसऱ्या माळ्यावरनं मी खाली उतरू कसा? उतरलो तर वर कोण आणणार? तुमचा ठेकेदार?

विनीत : शेजाऱ्यांच्या हाती द्या.

दौलत : शेजारी? अरे बाबा, बघ जरा ह्या गॅलरीत. टॉवर होणार म्हणून सगळे भाड्याच्या घरात गेले. तांडेल होते, तेपण दिवाळीला गेले. आता ह्या माळ्यावर मी आणि कबुतरं. कबुतराच्या चोचीत देऊ?

विनीत : काहीतरी सोय होईल. तक्रार नोंदवा ना, मोबाइलवरून होते.

दौलत : ऐक. आता खरं सांगतो.

विनीत : म्हणजे मासा—

दौलत : मासा राहू दे. नारळी पौर्णिमेला मी मोरीत पडलो. संध्याकाळची वेळ. कंबर अशी गेली की बोट हलेना. हाक मारायला गेलो, तर आवाज नळाच्या थेंबाएवढा. दाराला आतून कडी. तसाच ओल्या लादीवर पडून होतो. नळाकडे बघत होतो, दुसरं करणार काय? सकाळी बकुळा आली. माझी कचऱ्याची बादली रोजच्यासारखी दाराबाहेर नव्हती. दुसरं कोणी असतं तर बरं झालं, एक कमी, म्हणून पुढे गेलं असतं. हिनं दार वाजवलं. मी काही बोलेना, तेव्हा खांदा लावून कडी उखडली.

विनीत : वा! काका, ही त्या माशापेक्षा बरी जमलीय.

दौलत : बकुळे, सांग ह्याला.

बकुळा : खरं आहे साहेब. आत गेले तर हे असे आडवे, अंग थंडगार—

विनीत : बाई, माशाचाही आवाज थकलेलाच होता.

बकुळा : ते निराळं हो. काका काहीही सांगतात आणि मी हो म्हणते. त्यांना तेवढंच बरं वाटतं.

विनीत : मग आत्ताही त्यांना बरं वाटावं म्हणूनच ना?

बकुळा : नाही हो, साहेब. हे तसलं नाही. कसं सांगू तुम्हाला?

दौलत : राहू दे गे. मासा जास्त खरा वाटला त्याला.

(खालून अंगणात ड्रम फरफटत नेल्याचा आवाज.)

बकुळा : हळू रे मेल्यांनो! त्याचं एक चाक आधीच ढिलं आहे!

विनीत : बाई, पावती देतो. दंड भरलात की ड्रम परत मिळेल.

बकुळा : मिळून करू काय? त्यात फुलझाडं लावू? जाते मी, काका.

दौलत : उद्या येशील ना? ड्रम नसला म्हणून काय झालं. चहा आहे की.

बकुळा : गोवंडीवरून बस धरून नुसता चहा प्यायला येऊ? माटुंग्याला एका घरी भांड्यांचं विचारून ठेवलंय. त्यांनापण हीच वेळ पाहिजे. येईन ना. अधूनमधून येईन.

दौलत : अधूनमधून. बरं. मग पडायच्या आधी मी तुला विचारून घेत जाईन.

बकुळा : असं नका बोलू हो काका. बादली आत घ्या. रिकामी केलीय मी.

विनीत : गेल्या त्या. मीही निघतो, काका. दार ओढून घेऊ ना? अरे, हे बंदच राहत नाही. आतली कडी कुठे आहे?

दौलत : तीच ती, बकुळेनं उखडलेली. बघ, लाकूड फाटलंय तिथं. परत बसवलीच नाही मी. म्हटलं, पुढच्या वेळी तिचा खांदा दुखायला नको.

विनीत : म्हणजे... काका, ते मोरीचं खरंच—

दौलत : टेम्पो गेला काय रे?

विनीत : चालू झालाय. आता ड्रमाची नोंदही झाली असेल, काका. माझ्या हातात काही—

दौलत : मग तू तरी कशाला थांबलायस? पळ. तुला अजून किती चाळी करायच्या असतील.

विनीत : येतो मी. पण कडी तेवढी बसवून घ्या. माळा सगळा रिकामा आहे, एखादा चोर शिरेल.

दौलत : शिरू दे की. आत डोकावून बघेल तरी.