पाव फेरी

—न्हाई मॅडम, चौकशीच्या कागदावर असंच लिवा, चूक गोरखचीच. मेलेल्याला नावं ठेवू नयेत, कळतं मला, पण मशीनमंदी आकडा त्यानंच घातला. त्याची बायको पल्लवी रडली असंल तुमच्याम्होरं — माझ्या माणसाची चूक न्हवती, एवढंच लिवा म्हणून — रडणारच की. पण हा कुशाबा बावीस वर्षं हाय या उरवड्याच्या कारखान्यात. माझ्या डोळ्यातच कोनमापक हाय. भुकूमला एका नव्या बिल्डिंगीची चौकट धावत्या एसटीतनं बघितली, दोन अंशानं कललीय म्हणालो — मिस्त्री पौडापत्तुर पळत आला मागं. हसताय व्हय? बरं, बस थांबलेली हुती.

तर जुनं वेल्डिंगचं फिरतं टेबल अंशात चालायचं. पाव फेरी म्हंजी नव्वद. नवं आलं ते रेडियनवालं — कोनाचं मापच वेगळं, पाव फेरीला एक पूर्णांक सत्तावन्न. शिकवायला माणूस आलता. मी बसलो की त्याच्याम्होरं — पयला तास. मंग चहाला गेलो. मला काय शिकवणार तो? आन आमच्यात काम कसं — जाळीच्या दाराला चुंबक चिकटवायचं, म्हंजी मशीनला वाटतं दार बंद हाय. टेबल पाव फेरी घेतंय तवर दुसऱ्यानं आत वाकायचं, माल काढायला. हिरव्या दिव्याची वाट कोण बघतंय?

गोरख म्हणाला बी, दादा, ह्याला एक-सत्तावन्न लागतंय, चिठ्ठी लावलीय बघा. मी म्हणलो, लेका, एक-सत्तावन्नात मुंगी तरी फिरंल का? हसला तो. हसतच वाकला.

नव्वद रेडियन म्हंजी चौदा फेऱ्या, वर थोडं. नंतर सांगितलं मला कुणीतरी. गरज न्हवती, मोजल्या हुत्या मी.

लाल बटण? हुतं की. हितं, असं, हाताखालीच — हात उचलंना, मॅडम. बावीस वर्षांत कधी असं झालं न्हाई, हातच —

काय? आकडा घालायचं पॅनल व्हय? जाळीच्या भाइर. टेबलापासनं सहा पावलांवर.

व्हय. तो आत हुता.

लिवलंत? मंग खोडू नका. आन माझ्याम्होरं वाचू बी नका. जावा आता.