मागच्या जिन्याचं दार

...आणि कुलूप कुठे, तर मागच्या जिन्याच्या दाराला! आग लागली की ज्यातून पळायचं, नेमकं त्याच दाराला! तुम्हाला सांगतो, चार वर्षं लांब राहून मी हेच शिकून आलो, बाहेर पडायचं दार उघडं हवं. एवढंच तर म्हणत होतो मी! तर आमच्या इमारतीचे चेअरमन म्हणतात, “अरे, चोर शिरतात.” म्हटलं, काका, आणि आग? “आग काय रोज लागते?” दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं चपलांचं कपाट जिन्यात. “मग पळायची वेळ आली तर अनवाणी पळू का रे?” तरी आठ दिवस घसा फोडला, खालचं कुलूप काढलं, कपाट हलवलं, सायकली हलवल्या, कुणाची तरी मोडकी खाट हलवली. जिना असा मोकळा, की वरून चेंडू सोडला तर थेट रस्त्यावर!

राहिलं एकच कुलूप. चौथ्या मजल्यावर, आमच्याच स्वयंपाकघराच्या मागच्या दाराचं. बाबा हळूच म्हणाले, “ते राहू दे रे.” का? तर आईकडे बघत आत निघून गेले. फोनवरसुद्धा “आई जरा विसराळू झालीय” यापलीकडे कधी बोलले नाहीत, आणि आल्यापासून मी तरी घरात कुठे बसलो होतो, मी लोकांचे जिने बघत होतो! काढलं कुलूप. बाहेर पडायचं दार उघडं हवं, एवढंच तर...

दुसऱ्या दिवशी दुपारी आई घरात नाही! गुडघे धरून चालणारी बाई चार मजले उतरून गेली हो... वाटेत अडखळायला एक चप्पल ठेवली नव्हती ना मी! सापडली बसथांब्यावर. सकाळी हिनंच ‘नीट जेव रे’ म्हणून मला दटावलेलं, आणि आता मी धापा टाकत समोर उभा, तर म्हणते, “अहो, जरा बघता का? माझा मुलगा यायचाय. लांब शिकायला गेलाय, आगीचं काहीतरी.”

अहो! मला!

कुलूप परत लावलं नाही. बाहेर पडायचं दार उघडं हवं, अजूनही तेच म्हणतो मी. दार उघडलं की वाजेल अशी घंटा बसवली. दिवसातून चार-पाचदा वाजते, मी धावतो, जिन्यातच गाठतो, आणि ती तेच विचारते, “आला का हो?” काय सांगू? म्हणतो, “आलाय, वर बसलाय.” मग काय खुलते! माझा हात धरून भराभरा चढायला लागते. तिसऱ्या मजल्यापर्यंत विसरते, बरं का. नशीबच म्हणायचं... नाहीतर वर नेऊन दाखवणार कुणाला?