हिरोची संकष्टी

आमच्या आईपुढे गेमचंही काही चालायचं नाही. नाशिकरोडच्या घरी नवा कॉम्प्युटर आलेला आणि मी कायम एकाच गेमला चिकटलेलो. त्यात जग संपलेलं, आभाळ धुरानं काळं, आणि माझा हिरो बंदूक घेऊन फिरतोय, पण भुकेनं पार मरायला टेकलेला. कसाबसा त्याला राजम्याचा एक डबा सापडला. तो उघडणार, एवढ्यात मागून आई म्हणाली, "आज संकष्टी आहे."

"आई, गेम आहे हा. जग संपलंय त्यात."

"जग संपलं म्हणून संकष्टी चुकते का? चंद्र दिसू दे, मग खाऊ दे."

आईपुढे कोण बोलणार? थांबलो. त्या धुरातून कसला चंद्र दिसतोय? हिरो मेला.

आई पदराला हात पुसत म्हणाली, "उपासात गेला. सोनं झालं त्याचं."