खा गं, सरू!

...आणि लाडू तरी कसले, डिंकाचे! तूप नुसतं निथळतंय! आता तुम्हीच सांगा, ज्या बाईला डॉक्टरनं बजावलंय की मावशी, आधी वजन उतरवा, नाहीतर तुमची किडनी लेकीला बसवता येणार नाही, तिच्या घरी कुणी डिंकाचे लाडू नेतं का? आमच्या मळ्यात नेतात! शेजारची भिमाबाई डबा उघडून पुढ्यात बसणार, 'किडनी द्यायची म्हंजे अंगात ताकद नको व्हय? खा गं, सरू!' लाडू पोटात गेल्याशिवाय ही बया उठायची नाय. बरं, नको म्हणावं तर माणसं रुसतात हो!

तिकडं लेक, छाया, शहरात द्वारका भागातल्या दवाखान्यात डायलिसिसला... तोंड सुजलेलं. आणि इकडं ही सरुबाई, जन्मभर झेंडू खुडला, आरशात कधी धड बघितलं नाही, ती रोज वजनकाट्यावर! भात सोडला, चहातली साखर सोडली, बांधाबांधानं तरातरा चालली. काटा जरा उतरला की आलंच कुणीतरी डबा घेऊन, 'खा गं, सरू!'

शेवटी आहारवाल्या मनीषा मॅडमपुढं रडली बिचारी. 'एवढी उपाशी मरते मी, ही चरबी का मरंना?' मॅडम आपल्या गोड आवाजात, 'मावशी, चरबीच्या पेशी कमी नाही होत, नुसत्या आक्रसतात. एखादी मेलीच तर शरीर तिच्या जागी नवी तयार करतं.'

'नवी? आपोआप?'

'आपोआप.'

'आन् किडनी?'

मॅडमनी आहाराचा तक्ता पुढं सरकवला.

तिथून मात्र सरुबाई पेटली. आतून कडी लावून बसायची, कुणी कितीही दार वाजवो. भिमाबाई रुसली, भावकी रुसली, रुसू दे! वजन उतरलं. डॉक्टर खूश, ऑपरेशनची तारीख दिली... आणि त्या तारखेच्या आधीच छाया गेली.

माती देऊन माणसं परतली. घरात चूल बंद, म्हणून भिमाबाईच आली पिठलं-भाकरी घेऊन, कडू घास भरवायला. रीतच आहे, कुणाला काय बोलता? घास पुढं करताना तिनं सरूचं मनगट धरलं अन् हंबरडाच फोडला, 'किती वाळलीस गं बाई! खा गं, सरू!'

आणि तुम्हाला सांगते, सरुबाईनं खाल्लं. मुकाट्यानं, अख्खी भाकरी. आता कुणासाठी काट्यावर उभं राहायचंय!